जुन्या कादंबरीतले अनोळखी शब्द : संदर्भावरून लावलेला अर्थ कितपत खरा मानावा?

प्रश्न (सोलापूर, पूर्व भाग)

नमस्कार. आमच्या घरी तेलुगू बोलली जाते. माझी शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची होती आणि सध्या मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्याच्या कचेरीत हिशेब लिहिते. तेथे दिवसभर मराठीच कानावर असते, त्यामुळे वाचनात अडचण येईल असे मला कधी वाटले नव्हते. दिवाळीनंतर ग्रंथालयातून हरी नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी आणली. ती १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती आणि यमू आपली हकीकत स्वतःच सांगते, एवढे मला शाळेपासून ठाऊक होते. वाचायला बसल्यावर मात्र दर पानावर सात-आठ शब्द असे निघाले, की जे एक तर मी ऐकलेच नव्हते, किंवा ऐकले असले तरी नेमका अर्थ सांगता आला नसता.

पहिले काही दिवस मी प्रत्येक शब्द मोबाइलवरच्या शब्दकोशात पाहत असे. त्यामुळे अर्ध्या तासात जेमतेम तीन पाने होत आणि यमू कोणाशी काय बोलत होती हेच विसरायला होई. मग शब्दकोश बाजूला ठेवून मागच्या-पुढच्या वाक्यांवरून अर्थ लावू लागले. वाचन सुरळीत झाले, कादंबरी पूर्ण झाली, यमूचे पुढे काय होते ते वाचून दोन दिवस कशात लक्ष लागले नाही.

अडचण त्यानंतर, त्याच काळातले दुसरे एक पुस्तक वाचताना लक्षात आली. त्यात घरातली एक वृद्ध आत्या आहे. तिच्या संदर्भात ‘आलवण’ हा शब्द वारंवार येतो. ती दारात कोणी आले की आलवण डोक्यावरून पुढे ओढते, कोपऱ्यात अंग चोरून बसते. थंडीचे दिवस असावेत आणि आलवण म्हणजे शाल असावी, असा अर्थ मी मनाशी धरला. प्रत्येक वाक्यात तो अर्थ बसत गेला, म्हणून शंकाही आली नाही. जवळजवळ नव्वद पाने पुढे गेल्यावर घरात न्हावी येण्याचा प्रसंग आला आणि ती आत्या सोवळी, म्हणजे केशवपन झालेली विधवा आहे, हे मला कळले. मागची पाने पुन्हा उघडली. घरातली माणसे तिला मंगलकार्याच्या वेळी मागच्या खोलीत का बसवतात, लहान मुलगी तिच्या डोक्याला हात लावायला जाते तेव्हा सगळे गप्प का होतात, यांतले काहीच मला पहिल्या वाचनात समजले नव्हते.

माझे विचारणे असे आहे. संदर्भावरून अर्थ लावत वाचावे, असे सगळेच सांगतात आणि मलाही त्यात आनंद वाटतो. परंतु चुकलेला अर्थही जर वाक्यात बेमालूम बसत असेल, तर तो चुकला आहे हे वाचणाऱ्याला कसे कळावे? आणि कोणत्या शब्दापाशी थांबायचे, कोणता सोडून पुढे जायचे, हे आपण कशावरून ठरवता?

उत्तर (जुळे सोलापूर)

ताई, मी माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवले आणि आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण ‘संदर्भावरून अर्थ लावा’ हे वाक्य आम्ही शिक्षक वर्गात नेहमी म्हणतो, पण संदर्भ म्हणजे वाक्यातले नेमके काय पाहायचे, हे क्वचितच सांगतो.

तुम्ही आलवण म्हणजे शाल समजलात तेव्हा तुम्ही प्रसंग पाहिलात. म्हातारी बाई, कोपरा, डोक्यावर ओढलेले वस्त्र, हे सगळे शालीला जुळणारेच आहे. माझी विनंती अशी, की ते पुस्तक पुन्हा हाती घ्या आणि आलवण या शब्दाला कोणते क्रियापद लागले आहे तेवढेच शोधा. बहुतेक एखाद्या ठिकाणी ‘नेसणे’ सापडेल. मराठीत शाल कोणी नेसत नाही, शाल पांघरतात. लुगडे, धोतर, सोवळे नेसतात, सदरा, बंडी, चोळी घालतात, पागोटे बांधतात, घोंगडी पांघरतात, गजरा माळतात, आणि जुन्या मराठीत दागिने आणि काजळ लेतात. वस्तूचे नाव अनोळखी असले तरी ती अंगावर कोणत्या प्रकारे चढते हे क्रियापद सांगून जाते. ‘नेसलेली’ एवढे दिसले असते, तर आलवण हे लुगड्यासारखे वस्त्र आहे हे कळले असते, आणि मग घरातली ही एकच बाई वेगळे लुगडे का नेसते, हा पुढचा प्रश्न तुमच्याच मनात उभा राहिला असता.

स्वयंपाकघरातही असेच आहे. धपाटे थापतात, पोळी लाटतात, लाडू वळतात, चटणी कुटतात, दूध विरजतात. एखाद्या जुन्या पदार्थाचे नाव आले आणि तो ‘वळला’ असे लिहिले असले, की तो हाताच्या मुठीत गोल होणारा किंवा बोटांनी वळवला जाणारा पदार्थ आहे, एवढे नक्की. त्याहून अधिक कळले नाही तरी पुष्कळ वेळा चालते. मराठी क्रियापद आपल्या कर्माबाबत फार काटेकोर असते, ही आपल्या भाषेची मोठी संपत्ती आहे, आणि ज्यांची घरची भाषा वेगळी आहे त्यांनी नामांपेक्षा क्रियापदांची वही आधी करावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो. आपल्या शहरात एका बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले शेजारी बसतात, म्हणून हे मला सांगावे लागले आणि सांगता सांगता माझेही मराठी सुधारले.

दुसरी खूण जोडशब्दांची. बाजारहाट, धनदौलत, कागदपत्र, चीजवस्तू, मानमरातब, दवादारू असे शब्द घ्या. यांत एक अर्धा भाग दुसऱ्याचा अर्थ सांगतो. हाट म्हणजे बाजार, चीज म्हणजे वस्तू, मरातब म्हणजे मानाची पायरी. दवादारू हा शब्द तर शिकवताना मला विशेष आवडत असे. त्यातल्या दारूचा अर्थ फारसीप्रमाणे औषध असाच आहे, आणि ‘आजाऱ्याला दारू दिली’ असे जुन्या लेखनात दिसले तर दचकायचे कारण नाही, हे मुलांना एका जोडशब्दावरून पटत असे. जुने लेखक अशी जोडी मुद्दाम अर्थ समजावण्यासाठी वापरत नसत, ती त्यांच्या बोलण्यातच होती, पण आपल्याला तिचा उपयोग शब्दकोशासारखा होतो.

आणखी एक, तुमच्या हाती जुन्या छपाईची प्रत असेल तर अक्षरांवरचे टिंब पाहत चला. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी व्युत्पत्तीमुळे येणारे अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वी ‘जुनें’ म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘जुने’ म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन, हा भेद डोळ्यांना दिसत असे. अनोळखी नामाच्या आधी ‘तिचें’ असे टिंब आले, की वस्तू एक आहे की अनेक, हा प्रश्न तिथेच सुटतो. नव्या प्रतीत तेच ‘तिचे’ होते आणि वाचणाऱ्याला पुढचे क्रियापद येईपर्यंत थांबावे लागते. लेखन सोपे झाले हे खरे, पण जुने पुस्तक वाचणाऱ्याच्या हातून एक खूण गेली, हेही तितकेच खरे आहे.

उत्तर (सोलापूर, सात रस्ता)

मी भाषाविज्ञानाचा विद्यार्थी आहे. वरच्या उत्तरातला क्रियापदांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. त्याला जोडून एक वेगळी बाजू मांडतो, कारण आलवण हा शब्द निदान अनोळखी तरी होता. त्याहून घातक असतात ते ओळखीचे वाटणारे शब्द.

जुन्या पुस्तकात ‘तो उगा बसला’ असे आले तर आजचा वाचक ‘तो विनाकारण बसला’ असे वाचतो, कारण ‘उगाच’ त्याच्या रोजच्या बोलण्यातला आहे. वस्तुतः जुन्या मराठीत उगा म्हणजे गप्प, निवांत. रडणाऱ्या बाळाला आपण ‘उगी, उगी’ म्हणतो त्यात तोच अर्थ शिल्लक आहे. अपमान झाल्यावर एखादा उगा बसला, तर तो विनाकारण बसलेला नाही, त्याने शब्द गिळला आहे, आणि प्रसंगाचा सगळा भार त्या गप्प राहण्यावर आहे. तसेच ‘सोपा’. आपल्या भागातल्या जुन्या घरांत सोपा म्हणजे पुढची पडवी. शहरात वाढलेल्या माझ्या एका मित्राने ‘सोप्यात बसले’ हे ‘सोप्या जागी बसले’ असे वाचले होते. ‘राजीनामा’ हा आज नोकरी सोडण्याचा कागद आहे, पण शब्दाची फोड राजी आणि नामा अशी आहे, आणि जुन्या कागदपत्रांत तो संमतीचा लेख असतो. अशा शब्दांपाशी आपण थांबत नाही, कारण थांबायला हवे हेच कळत नाही. म्हणून माझा नियम असा, की अनोळखी शब्द एक वेळ सोडावा, पण ओळखीचा शब्द वाक्यात जरा जरी तिरका बसला तरी तेथे पेन्सिलीने खूण करावी.

आता तुमच्या सात-आठ शब्दांविषयी. वाचताना किती शब्द आधीपासून माहीत असावेत यावर इंग्रजी शिकणाऱ्यांच्या बाबतीत बराच अभ्यास झालेला आहे. बॅटिया लॉफर यांनी १९८९ मध्ये ९५ टक्के ही मर्यादा मांडली, तर हू आणि पॉल नेशन यांनी २००० मध्ये कथात्म मजकूर मदतीशिवाय नीट समजायला सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असे दाखवले. तीनशे शब्दांचे पान धरले तर ९५ टक्के म्हणजे पानावर पंधरा अनोळखी शब्द आणि ९८ टक्के म्हणजे सहा. तुम्ही या दोहोंच्या मध्ये, वरच्या मर्यादेच्या अगदी जवळ आहात. मराठीत प्रत्यय आणि सामान्यरूपे यांमुळे शब्द मोजण्याची रीत वेगळी धरावी लागेल, म्हणून हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू करू नयेत. पण तुम्हाला जे जाणवले, की शब्दकोशाशिवाय गोष्ट कळते आणि तरी काहीतरी हातून निसटते, ते या मधल्या पट्ट्याचेच लक्षण आहे.

दुसरा आकडा कदाचित निराश करणारा वाटेल. स्वानबॉर्न आणि डी ग्लॉपर यांनी १९९९ मध्ये वीस प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा शाळकरी मुले सहज वाचनात भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी साधारण पंधरा शिकतात, असे निघाले. म्हणजे एका भेटीत शब्द आपला होत नाही. मला यात निराशेचे कारण दिसत नाही, कारण कादंबरीची खरी सोय अशी, की लेखक एकच असल्यामुळे तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. चाळीस वेगवेगळे लेख वाचून जे होत नाही, ते चारशे पानांची एक कादंबरी वाचून होते.

यावरून मी असे करतो. पहिल्या भेटीत शब्दाखाली रेघ आणि समासात माझा अंदाज, पुस्तक ग्रंथालयाचे असेल तर चिठ्ठीवर. दुसऱ्या भेटीत तो अंदाज मुद्दाम नव्या वाक्यात घालून पाहतो, आणि तो कसाबसा बसला तर अजिबात समाधान मानत नाही. त्याऐवजी दुसरा एखादा अर्थही तितकाच बसतो का, हे पाहतो. तुमच्या आलवणाच्या जागी शाल बसली, पण पदर, गोधडी, लुगडे हेही बसलेच असते. चार अर्थ सारखेच बसत असतील, तर संदर्भाने आपल्याला अजून काही सांगितलेले नाही. तिसऱ्या भेटीनंतर शब्दकोश उघडतो. अपवाद एकच : नाते, वस्त्र, विधी आणि सुतक-सोयर यांचा शब्द आला की त्याच बैठकीत अर्थ पाहावा. त्या काळच्या कादंबरीत माणसाचे घरातले स्थान याच शब्दांवरून ठरते, आणि तेथे चूक झाली तर नव्वद पाने वाया जातात. झाडांची, भांड्यांची, नाण्यांची नावे मात्र मी निश्चिंतपणे सोडतो.

शब्दकोश कोणता, हेही महत्त्वाचे आहे. मोबाइलवरचे बहुतेक कोश आजचा अर्थ देतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, म्हणजे तो हरिभाऊंच्या आधीच्या पिढीची बोली नोंदवतो. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला आणि त्यात अर्थाबरोबर जुन्या ग्रंथांतली उदाहरणे दिलेली आहेत. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. दात्यांच्या कोशातली उदाहरणे अवश्य वाचा, कारण एका पुस्तकात शब्दाची जी दुसरी-तिसरी भेट झाली नसेल, ती तेथे होते.

उत्तर (सोलापूर, अशोक चौक)

माझीही घरची भाषा तेलुगू आहे, म्हणून थोडेसेच लिहितो. जुन्या कादंबऱ्यांत सून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि काही घरांत सासूला ‘आत्याबाई’ म्हणते, तेव्हा माझे मराठी मित्र गोंधळतात, पण मला कधी अडले नाही. आपल्या घरी मामा आणि सासरा या दोघांनाही ‘माम’च म्हणतात आणि आत्या व सासू या दोघींनाही ‘अत्त’. मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची चाल ज्या समाजांत होती, त्यांच्या भाषेत ही नाती एकमेकांत मिसळलेली आहेत. तेव्हा घरची भाषा वेगळी असल्यामुळे आपण मागे आहोत, असे समजू नका. काही शब्दांत आपण चार पावले पुढे आहोत.

सावध राहायचे ते संस्कृत शब्दांत. तेलुगूत ‘उद्योगम्’ म्हणजे नोकरी, म्हणून जुन्या मराठीत ‘तो उद्योगाला लागला’ असे वाचले की मला नोकरी लागल्यासारखे वाटे, पण तेथे नुसते कामाला लागणे असते. ‘अवसरम्’ आपल्याकडे गरज, मराठीत अवसर म्हणजे सवड किंवा संधी. ‘अभ्यासम्’ आपल्याकडे सराव. हे शब्द दोन्ही भाषांत सारखे दिसतात, म्हणून आपण ते तपासत नाही, आणि नेमका तेथेच अंदाज फसतो. मी वहीच्या शेवटच्या पानावर अशा शब्दांची वेगळी यादी ठेवली आहे. ती आता बरीच लांबली आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर, आणि इतर दोघांचेही, मनापासून आभार. रविवारी ते पुस्तक पुन्हा काढून बसले. आलवण हा शब्द पहिल्या नव्वद पानांत अकरा वेळा आला आहे. त्यांपैकी सात ठिकाणी नुसते ओढणे किंवा सावरणे आहे, पण तिसऱ्याच उल्लेखात ‘नेसून’ असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि त्या ओळीवरून मी काहीही न जाणवता पुढे गेले होते. आणखी एका ठिकाणी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत ते लांबूनही ओळखू येते, असे वर्णन आहे. शाल समजल्यामुळे ते वाक्य मला फक्त सुंदर वाटले होते.

नंतर दात्यांच्या आणि मोल्सवर्थच्या कोशात पाहिले. ‘आल’ नावाच्या झाडाच्या मुळापासून तांबडा रंग काढत, आणि विधवांच्या त्या तांबड्या वस्त्राला आलवण म्हणत. माझे वडील सूत रंगवण्याच्या खात्यात काम करून निवृत्त झाले, म्हणून त्यांना ‘आल’ ठाऊक आहे का, असे विचारले. त्यांच्या वेळेपासून रंग पिंपातून पावडरीच्या रूपातच येत असे, त्यामुळे झाड त्यांनी पाहिलेले नाही. परंतु तांबडा रंग सुतावर पक्का बसवायला सर्वांत अवघड जातो, असे सांगून ते बराच वेळ त्याविषयी बोलत राहिले. पुस्तकातल्या त्या आत्याची गोष्ट मी त्यांना तेलुगूत सांगितली. आलवणाला तेलुगूत काय म्हणावे ते मला सुचेना, म्हणून तो एक शब्द मराठीच ठेवला, आणि त्यांनी तो कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय समजून घेतला, कारण मी ‘कट्टुकोवडं’ हे आमचे साडी नेसण्याचे क्रियापद वापरले होते.

वहीत आता प्रत्येक नव्या शब्दापुढे मी दोन रकाने आखले आहेत, एक माझ्या अंदाजाचा आणि एक त्याला लागलेल्या क्रियापदाचा. सध्या ‘उगा’ या शब्दासाठी ‘पण लक्षात कोण घेतो’ पुन्हा पहिल्या पानापासून वाचते आहे.